लाईट चालू आहे

पुण्यात दुचाकीवरच्या अनोळखी माणसाला लोक दोनच गोष्टी आपणहून सांगतात. साईड स्टँड खाली आहे आणि लाईट चालू आहे. दुसरीसाठी तोंड उघडायचीही गरज नसते. हात वर करायचा आणि नसलेलं लिंबू पिळल्यासारखी पाची बोटं दोनदा उघडायची-मिटायची. सिग्नलला, उड्डाणपुलावर, एकदा तर अंत्ययात्रेत खांदा दिलेल्या एका गृहस्थांनी मोकळ्या हाताने मला लिंबू पिळून दाखवलं होतं.

माझी स्कूटर २०१९ची. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना हेडलाईट बंद करायचं बटणच नसतं. इंजिन चालू की दिवा चालू, भर दुपारी बारालासुद्धा. आपल्याला दिसावं म्हणून नाही, आपण समोरच्याला दिसावं म्हणून. पण नियमाची तारीख एक एप्रिल पडली आणि त्यामुळे असेल, बऱ्याच लोकांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही. पहिली दोन वर्षं मी थांबून समजावून सांगायचो. पुढे नुसती मान हलवायला लागलो. दिवसाला सरासरी दोन लिंबं, हे माझं ठरलेलं माप.

मागच्या महिन्यात एका सोमवारी एकही लिंबू पडलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. माणसं बदलली, शहर बदललं, कुणाला कुणाचं काही राहिलं नाही, असं मी जेवताना म्हणालोही. बायको म्हणाली, "लाईट गेला असेल."

गेला होता. म्हणजे अर्धा गेला होता. त्या बल्बात दोन तारा असतात, एक लोअरची आणि एक अप्परची. लोअर बिचारी सहा वर्षं सूर्याच्या बरोबरीने ड्युटी करून विझली होती. अप्पर ताजीतवानी होती, म्हणून चार दिवस मी अप्परवर गाडी चालवली. अप्परवर गाडी चालवणाऱ्यांबद्दल माझी मतं फार कडक आहेत. त्या चार दिवसांत समोरून येणाऱ्यांनी ती मलाच, माझ्यापेक्षा मोजक्या शब्दांत ऐकवली. पाचव्या रात्री अप्परही गेली. घरापर्यंतचे दोन किलोमीटर मी एका रिक्षाच्या मागे, तिच्या उजेडाच्या आडोशाने काढले. तिसऱ्या वळणावर रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली, खाली उतरला आणि विचारलं, "काय पाहिजे?"

गॅरेजवाला म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे. गुरुवारी आणा."

"आज नाही होणार?"

"आज कसं? गर्दी बघताय ना."

"पण दोन मिनिटांचंच आहे ना?"

"तेच तर. दोन मिनिटांसाठी हातातलं काम कशाला सोडू?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी ठरवलं, आपणच बदलू.

हे ठरवण्यामागे थोडी वडिलोपार्जित खुमखुमी होती. बाबांच्या जुन्या स्कूटरचा दिवा इंजिनाच्या रेसवर चालायचा. वेग घेतला की रस्ता दिसायचा, खड्डा आला म्हणून वेग कमी केला की दिवा मंद, म्हणजे नेमका खड्डा तेवढा दिसायचा नाही. बाबा ब्रेक धरून क्लच दाबायचे, रेस करायचे, खड्डा नीट पाहून घ्यायचे आणि मग त्यात जायचे. बल्ब उडणं नेहमीचंच. डिकीत पिवळ्या फडक्यात एक बल्ब, एक प्लग आणि क्लचची एक केबल कायम गुंडाळलेली असायची. दिव्याच्या कडीचा स्क्रू सोडवला की अख्खा हेडलाईट आंब्यासारखा तळहातावर यायचा. जुना बल्ब काढ, नवा लाव, फडक्याला हात पूस. पाच मिनिटं. मी टॉर्च धरायचो, आणि ती चुकीच्या जागी धरल्याबद्दल बोलणी खायचो. तेवढ्या अनुभवावर मी शनिवारी संध्याकाळी नाना पेठेत गेलो.

स्पेअर पार्टच्या दुकानात शिरताना आत्मविश्वास बाहेर ठेवावा लागतो.

"हेडलाईटचा बल्ब द्या."

"कुठला? एचएस वन की एच फोर?"

मी गाडीचं नाव सांगितलं.

"ते कळलं. जुना बल्ब आणलाय?"

"तो गाडीत आहे."

"मग गाडीतच चांगला आहे," असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्याला चार रबरं आणि एक स्प्रिंग देऊन परत आले आणि दोन बल्ब काउंटरवर ठेवले. मला ते जुळे भाऊ वाटले. दोघांनाही मागे तीन पाय, दोघांचीही टोकं काळी रंगवलेली. हा ३५/३५ वॅटचा, स्कूटरचा. हा ६०/५५ चा, चारचाकीचा. "काही हुशार लोक जास्त उजेडासाठी हा ठोकून बसवतात," दुकानदार म्हणाले. "मग आठ दिवसांनी बल्बमागचा वितळलेला कपलर घेऊन येतात. कपलर पण आहे आपल्याकडे." मी निमूटपणे लहान भाऊ निवडला. पैसे देताना त्यांनी शेवटचं वाक्य टाकलं, "काचेला हात लावू नका. लावला तर परत येऊ नका."

हा काय प्रकार, ते घरी येऊन वाचलं. हॅलोजनची काच म्हणजे क्वार्ट्झ. ती इतकी तापते की बोटाचं तेल लागलं तर ते तिथेच भाजून बसतं, तेवढा भाग जास्त तापतो आणि काच तिथून दगा देते. थोडक्यात, बल्ब सोवळ्यातला. आमची आजी सोवळ्यात असताना आम्ही नातवंडं जशी भिंतीला घासून जायचो, तसंच याच्याशी वागायचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी सकाळी मी डोक्याला खोबरेल तेल लावतो, आणि दहा वर्षांच्या सवयीने ते हात शर्टालाच पुसतो.

रविवारी साडेनऊला पार्किंगमध्ये मांडामांड केली. आधी व्हिडिओ पाहिला, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यातला मुलगा फार गोड होता. "तो दोस्तों, ये चार स्क्रू खोल लेना है," म्हणाला, खोलले. मग त्याने समोरचं कव्हर दोन्ही हातांनी धरलं, तिथे व्हिडिओ कापला, आणि पुढच्या क्षणी "और ये निकल गया." अख्ख्या कामात अवघड जागा ती एकच, आणि नेमकी तीच त्याने दाखवली नाही. माझे चार स्क्रू निघाले. कव्हर हलेना. हलेना म्हणजे हलायचं, पण दात दुखणाऱ्या माणसासारखं एकाच बाजूने. एव्हाना तळमजल्यावरचे काका पेपर घेऊन बाहेर आले होते. ते पस्तीस वर्षं कारखान्यात होते. अकाउंट्समध्ये होते, पण कारखान्यात होते.

"पाचवा स्क्रू असणार," काका म्हणाले.

"व्हिडिओत चारच आहेत."

"व्हिडिओ कुणाच्या गाडीचा आहे?"

पाचवा होता. हँडलच्या पोटाला, खालून, अशा ठिकाणी की तो दिसायला जमिनीवर उताणं झोपावं लागतं. मी झोपलो. वॉचमन धावत आला, त्याला मी पडलो असं वाटलं. खरं कळल्यावर तोही थांबला. पहिल्या मजल्यावरचा मुलगा क्रिकेट सोडून आला. पाचवा स्क्रू सुटला, ड्रायव्हरच्या टोकावर क्षणभर डोलला, आणि पुढच्या एप्रनच्या फटीतून गाडीच्या पोटात टिंग टिंग टिंग करत गेला. तिसरी टिंग बरीच खोलवरून आली.

मुलाने घरून फ्रिजवरचं मॅग्नेट आणलं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. तिला शिवणाचा दोरा बांधून मी एप्रनच्या फटीतून गळ टाकून बसलो. पंधरा मिनिटांत स्ट्रॉबेरी तीन वेळा गाडीच्या सांगाड्याला चिकटली आणि चौथ्यांदा एक स्क्रू घेऊन वर आली. तो आमचा नव्हता. गंजलेला, वेगळ्याच मापाचा, कुणा पूर्वसुरीचा होता. म्हणजे गॅरेजमध्येही हे होतं तर! मला एकदम बरं वाटलं.

कव्हर अखेर निघालं, "कट्ट" असा आवाज करून. तो आवाज निघाल्याचा की तुटल्याचा, यावर काका आणि वॉचमन यांचे मतभेद झाले. मी बघायचं टाळलं. आत बल्बच्या मागे तीन तारांचा कपलर, त्याखाली रबरी टोपरं, त्याखाली बल्ब दाबून धरणारी तारेची क्लिप. कपलर ओढला, टोपरं सोललं, क्लिप सोडली आणि सहा वर्षं राबलेला बल्ब हातात आला. काच आतून धुरकट झालेली. नवा बल्ब मात्र मी धुतलेल्या हातांनी, तरीही कागदात धरूनच काढला. कोरोनातला सॅनिटायझर अजून संपलेला नाही, त्याने वॉचमनने आधी माझे हात शिंपडले. मागे कुणीतरी घंटा वाजवायचीच बाकी होती.

बल्बचे तीन कान एकाच पद्धतीने खाचेत बसतात. ते बसले. मग ती क्लिप. बायका ब्लाऊजचं मागचं हूक आरशाशिवाय कसं लावतात, हे मला तोवर साधं वाटायचं. एका बोटाने बल्ब दाबायचा, दुसऱ्याने क्लिपचं टोक खाली न्यायचं, तिसऱ्याने ते आकड्यात सरकवायचं, आणि हे सगळं हेडलाईटच्या मागे, जिथे दोन बोटांपुरतीच जागा. क्लिप बसली असं वाटायचं, मी श्वास सोडायचो, ती "टण्" करून उडायची. सातव्यांदा बसली. तान्ह्या बाळाला घालावं तसं एकेका बाजूने टोपरं चढवलं, कपलर लावला, कव्हर बसवलं, चार स्क्रू पिळले. अकरा वाजून दहा मिनिटं. चावी फिरवली.

अंधार.

कुणीच बोललं नाही. मुलगा आईने हाक मारल्यासारखा निघून गेला. हाक आली नव्हती. मी पुन्हा चार स्क्रू काढले, कव्हर काढलं, कपलर तपासला, टोपरं काढलं, क्लिप उडाली, बल्ब काढला, पाहिला. तार शाबूत. परत सगळं बसवलं. क्लिप आता तिसऱ्या प्रयत्नात बसत होती. बारा वाजता चावी फिरवली. अंधार.

काकांनी पेपराची घडी घातली. "इंजिन चालू केलंत का?"

इंजिन चालू की दिवा चालू. पहिली दोन वर्षं मी थांबून लोकांना जो नियम समजावला, तो हाच.

बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर पिवळा, स्वच्छ, गोलसर उजेड पडला. वॉचमनने नमस्कार केला, कुणाला ते कळलं नाही. बायकोने वरून गॅलरीतून विचारलं, "झालं का दोन मिनिटांचं?"

पाचवा स्क्रू अजून आतच आहे. गतिरोधकावर खुळखुळतो. खुळखुळला नाही की मला आता काळजी वाटते.

सोमवारी सकाळी मुद्दाम लांबच्या रस्त्याने ऑफिसला गेलो. दोन चौक कोरडे गेले. तिसऱ्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरून पांढऱ्या टोपीतल्या एका आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, हात वर केला, आणि पाची बोटं दोनदा उघडली-मिटली. मला भरून आलं.

"हो आजोबा! चालू आहे! कालच बदलला, माझ्या हातांनी!"

आजोबा थोडे मागे सरकले. "इंडिकेटर, इंडिकेटर," म्हणाले. "मागच्या चौकापासून चालू आहे."

मी इंडिकेटर बंद केला. सिग्नल सुटला. आजोबांनी गाडी काढली, जाता जाता वळून माझ्या स्कूटरच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि ओरडले, "लाईट पण चालू आहे!"