खुलासा: गेमिंग राउटरने नेटचा स्पीड दुप्पट होत नाही

गणपतीत चाकरमान्यांनी घर भरलं की नेट अडखळतं, म्हणून ‘गेमिंग राउटर लावा, स्पीड दुप्पट’ असा मेसेज रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. प्लॅन 50 एमबीपीएसचा असेल तर बाहेरून तेवढंच येणार. गेम बहुतेकदा अडकतो तो कुणी आरतीचे व्हिडिओ अपलोड करत असताना. तेव्हा पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) मोजा, अपलोड थांबवून पुन्हा मोजा. फरक लगेच दिसतो. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणत्या कामाला किती नेट द्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोडची मर्यादा प्लॅनपेक्षा थोडी कमी ठेवली की हे आटोक्यात येतं, आणि ती सोय पुष्कळ साध्या राउटरांतही असते. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे 5 गिगाहर्ट्झचा वाय-फाय सिग्नल मात्र क्षीणच पोचतो. तिथे लॅन केबल ओढा. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांनाही कळवा.