हिरव्या टॅगचा महिमा

सेंद्रिय बियाण्यांच्या धंद्यात उतरायचे आपण ठरवलेच असेल, तर शेताआधी छापखाना गाठावा; हंगामी पिकाची जमीन सेंद्रिय ठरायला किमान 2 वर्षे जातात, पिशवी मात्र एका दुपारीत सेंद्रिय होते.

रंगाची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, कारण त्यामागे प्रमाणीकरण यंत्रणेची क्षेत्र तपासणी असते. सत्यप्रत बियाण्याचा टॅग हिरवा, कारण तिथे उत्पादकाचा शब्द हाच पुरावा. हिरवा म्हणजे विषमुक्त, असे गिऱ्हाईक मोंढ्यात आपणहून समजून घेते, आणि तो समज दूर करण्याइतके भाबडे आपण राहू नये. फार तर शेजारी एक पान आणि एक गाय छापावी.

1966 च्या बियाणे कायद्याने मागितलेला मजकूर, म्हणजे वाण, लॉट क्रमांक, शुद्धता, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, हा द्यावाच लागतो. पण तो शिलाईच्या दोऱ्याखाली द्यावा. सोयाबीनला किमान 70 टक्के उगवण लागते, हा आकडा मुंगीच्या अक्षरात आणि ‘जैविक’ हा शब्द वीतभर असावा. सेंद्रिय प्रमाणपत्र पीक कसे वाढवले एवढेच सांगते, दाणा उगवेल की नाही ते सांगत नाही, हा फरक दुकानदाराला चुकूनही समजावू नये. रासायनिक बीजप्रक्रिया केलेल्या दाण्यांवर औषधाचे नाव आणि ‘खाण्यास वापरू नये’ ही सूचना लागते. तेव्हा कोणी गुलाबी रंगाबद्दल विचारलेच, तर बिटाचा रस म्हणावे.

घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यापासून मात्र सावध असावे. 2001 च्या कायद्याने त्याला ते ब्रँडशिवाय विकण्याची मुभा दिली आहे आणि तो बेटा ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून उगवण समोर दाखवतो. त्याच्याकडे लेबल नाही, एवढेच चारचौघांत बोलत राहावे.

राहता राहिली उगवणीची तक्रार. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती, म्हणून ‘75 ते 100 मिलिमीटर पावसानंतरच पेरावे’ ही ओळ लेबलवर न विसरता टाकावी. दोष ढगांवर ढकलता येतो. तरीही पंचनाम्याला समिती आलीच, तर ती शेतकऱ्याकडे पावती, पिशवी आणि टॅग मागते. त्यामुळे शाई अशी घ्यावी, की मृगाच्या दोन सरींत सगळा मजकूर उतरेल आणि गाय तेवढी शाबूत राहील.