पत्रा फोडू नका

गेल्या आठवड्यात घरामागच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायला घेतले. पहिले दोन अख्खे खाली आले. तिसऱ्याचा बोल्ट गंजून बसला होता, तर वर चढलेल्या मुलाने सरळ हातोडीच घातली. पत्रा मधोमध फुटला आणि उन्हाच्या तिरिपेत पांढरट धूळ तरंगताना दिसली. खाली त्याचा जोडीदार तुकडे पोत्यात मावावेत म्हणून पायाखाली घेऊन मोडत होता. दोघांच्या तोंडाला नुसता रुमाल. मी ओरडून काम थांबवलं. त्यांना वाटलं, पैशांवरून काही बिनसलं.

चूक माझी होती. काम ठरवताना मी दर विचारला, पत्रे उतरवणार कसे हे विचारलंच नाही.

फुटलेली कड जरा वाकून बघितली तर त्यातून बारीक पांढरी कुसं बाहेर आलेली दिसली. ते अ‍ॅस्बेस्टॉस, तंतूंच्या रूपातलं एक खनिज. अशा पत्र्यात साधारण 10 ते 15 टक्के असतं, बाकी सिमेंट. डोळ्यांना दिसतात ते तंतूंचे जुडगे. श्वासातून फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारे तंतू इतके बारीक की ते दिसतच नाहीत. ते विरघळत नाहीत, शरीराला ते नीट बाहेरही टाकता येत नाहीत. फुप्फुसाचा कॅन्सर, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा, हे आजार उमटायला 20 ते 40 वर्षं जातात. तोवर कुठला पत्रा आणि कुठली हातोडी, कोणाला आठवणार? पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी असतं असं अजूनही सांगितलं जातं. ते खोटं आहे. त्याचे सगळे प्रकार कॅन्सर करतात आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पत्रा शाबूत असेल, तर छपरावर तो फारसा त्रास देत नाही, कारण सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. खरा धोका तो काढायच्या दिवशी असतो, आणि आपण सगळ्यात निष्काळजी असतो तेही त्याच दिवशी. ब्रिटनने 1999 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने 2003 च्या अखेरीस. बंदीने नवा माल थांबला, पण आधी बसवलेले पत्रे तिथेच राहिले. ते कधी ना कधी कोणाला तरी उतरवावेच लागतात.

परवानाधारक माणूस मिळत असेल तर काम त्यालाच द्या. नसेल, तर आधी पत्रा भिजवा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून हलका फवारा मारा, जोराची धार नको. बोल्ट सोडवा किंवा कापा, पण पत्र्यावर घाव घालू नका. ड्रिल, ग्राइंडर, करवत यातलं काहीही लावायचं नाही. पत्रा हातोहात खाली घ्या, वरून टाकू नका. तोंडाला अगदी बारीक धूळही गाळणारा एफएफपी3 किंवा पी100 दर्जाचा मास्क हवा, रुमालाने तंतू अडत नाहीत. मग 200 मायक्रॉनच्या जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून जोड टेपने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहा. खाली सांडलेलं ओल्या फडक्याने टिपा, झाडू लावू नका. ते फडकंही त्याच गाठोड्यात.

जाळायचा विचारही नको. तंतू साध्या आगीत जळत नाहीत, उलट तापलेला पत्रा फटाक्यासारखा फुटून तुकडे उडवतो. बांधकामाच्या राडारोड्यात मिसळला तर पुढे क्रशरमध्ये त्याची पूड होते. परसात पुरला तर काही वर्षांनी कोणाची तरी कुदळ त्यावर पडणारच. ‘चांगला आहे, घेऊन जा’ म्हणून दुसऱ्याला देणं तर मला सगळ्यात वाईट वाटतं. त्याची जागा एकच, घातक कचरा कायमचा गाडायला परवानगी असलेली भरावभूमी. तिथपर्यंत पोहोचवणं लोकांना सोपं आणि फुकट असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. जिथे ते महाग आणि लांब असतं, तिथे पत्रे रात्रीत ओढ्याकाठी जाऊन पडतात.

1965 मध्ये मॉली न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यात अशा बायका निघाल्या, ज्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधीच गेल्या नव्हत्या. त्या नवऱ्याचे कामाचे कपडे धूत होत्या, एवढंच.

हे डोक्यात होतं म्हणून संध्याकाळी निघताना त्या मुलाला थांबवलं. तो अंगणात उभा राहून शर्ट झटकायच्या बेतात होता.

“झटकू नकोस रे, आधी भिजव.”

“राहू द्या ताई, घरी आई धुवेल.”

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो गप्प ऐकत राहिला. मग अंगावरच पाणी ओतून घेऊन त्याने शर्ट उतरवला आणि स्वतःच गाठोड्यात घातला. मी आतून दुसरे दोन शर्ट आणून दिले. जोडीदाराने न सांगता आपलाही काढला.

गाठोडी शेडखाली झाकून ठेवली आहेत. घातक कचऱ्याची गाडी परवा येणार आहे.