इराकमध्ये मतदान कोणाला हवं होतं?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर म्हणतो, ‘अमेरिकेने अरबांना लोकशाही देऊन पाहिली, त्यांना ती पचली नाही. त्यांना हुकूमशहाच लागतो.’ दोन वाक्यांत तीन दावे आहेत.

‘देऊन पाहिली.’ म्हणजे इराकमध्ये, असं धरू. २००३ मध्ये बगदाद पडल्यावर कारभार अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांच्याकडे आला. राज्यघटना नेमलेल्या इराकींकडून लिहून घ्यायची, मतदान नंतर बघू, असा त्यांचा बेत. आडवे आले नजफचे शिया धर्मगुरू अली सिस्तानी. जूनमध्ये त्यांनी फतवाच काढला: घटना लिहिणारे आधी लोकांनी निवडून दिले पाहिजेत. नोव्हेंबरमध्ये ब्रेमर यांनी तोडगा आणला, प्रांतोप्रांतीच्या निवडक मंडळींच्या बैठकांतून हंगामी संसद नेमण्याचा. सिस्तानींना तोही मान्य नव्हता. जानेवारी २००४ मध्ये बसरा आणि बगदादमध्ये हजारो लोक थेट मतदान मागत रस्त्यावर आले. ३० जानेवारी २००५ ला निवडणूक झाली, त्यात या रेट्याचा मोठा वाटा होता. काळ्या पगडीचा आयातुल्ला मतपेटी मागतोय आणि लोकशाही द्यायला आलेला साहेब ‘जरा थांबा’ म्हणतोय! सुन्नींनी बहुतांशी बहिष्कार घातला, पुढे यादवी भडकली, हेही खरं. पण लोकांना मतदान नको होतं, हे साफ खोटं.

‘पचली नाही.’ जानेवारी २००६ ची पॅलेस्टिनी निवडणूक व्हावी म्हणून बुश सरकारच आग्रही होतं. १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या आणि अमेरिका-युरोपने तिथल्या सरकारची मदत रोखली. हमास हिंसा सोडत नव्हती, हे कारण पोकळ नव्हतं. पण मतदाराला मिळायचा तो धडा मिळाला. इजिप्तमध्ये २०१३ साली लष्कराने निर्वाचित अध्यक्ष मोर्सींना वर्षभरातच हटवलं. त्यांच्याविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले होते, तरी बंड ते बंडच. ओबामा सरकारने मात्र तो शब्द उच्चारायचं टाळलं, कारण उच्चारला असता तर अमेरिकी कायद्याने मदत थांबवावी लागली असती. लष्करी मदतच वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलर. त्यातली काही थोडा काळ रोखली, २०१५ मध्ये पुन्हा सोडली.

‘हुकूमशहाच लागतो.’ ट्युनिशियात २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा बऱ्याच लोकांनी जल्लोष केला. त्याचं खापर वॉशिंग्टनवर फोडता येत नाही. पण २०१९ मध्ये अल्जीरियात वीस वर्षं ठाण मांडलेल्या राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिकांना राजीनामा द्यावा लागला, तो रस्त्यावरच्या अल्जीरियन माणसांमुळे. ते मागत होते नवी व्यवस्था. नवा हुकूमशहा कोणीच मागितला नव्हता.