डासांवर घटपर्णी? डास तर तिच्यातच वाढतात!

‘हिमालयातल्या बर्फाळ दलदलीतली मांसभक्षी घटपर्णी! एक कुंडी गॅलरीत ठेवा, घरातले डास गायब. डेंग्यूवर रामबाण. आठवड्यातून एकदा खिमा घाला. हे झाड उंदीरसुद्धा गिळतं!’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण आता ठाण्याच्या मामीने ऑनलाइन रोप मागवलंय आणि मच्छरदाणी काढून ठेवलीय.

हिमालय सोडा. मेसेजमधल्या फोटोतलं झाड सारासेनिया पर्प्युरिया आहे. ते उत्तर अमेरिकेतलं, कॅनडापासून अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या दलदलींपर्यंत उगवणारं. आपली घटपर्णी मेघालयात असते आणि ती वेगळ्याच कुळातली.

आता डास. या झाडाच्या पेल्यांत, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या पानांत, पावसाचं पाणी साठतं आणि त्याच पाण्यात वायोमाया स्मिथाय नावाच्या डासाच्या अळ्या वाढतात. हिवाळ्यात पाणी गोठलं की त्या बर्फात अडकून राहतात, वसंतात पुन्हा वळवळायला लागतात. ओरेगन विद्यापीठातले ब्रॅडशॉ आणि होल्झाप्फेल यांनी या डासावर वर्षानुवर्षं काम केलंय. हवामान तापल्यामुळे तो हिवाळी झोपेला आता उशिरा जातो आणि हा बदल त्याच्या जनुकांत उतरलाय, हे त्यांनी २००१ मध्ये दाखवलं. म्हणजे ज्या झाडात डासांच्या पिढ्यान्‌पिढ्या निघतात, तेच डासांवरचा उपाय म्हणून खपवायचं! पेल्यात पडतात त्या मुख्यतः मुंग्या आणि माशा, आणि त्याही आलेल्यांपैकी अगदी थोड्या.

त्यात हे झाड दलदलीतलं, त्यामुळे कुंडीखाली कायम पाण्याची बशी लागते. डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी अंडी घालायला असंच साठलेलं स्वच्छ पाणी शोधते. मच्छरदाणी काढली आणि वर तिच्यासाठी बशी भरून ठेवली!

उंदीर? नाही. कॅनडातल्या अल्गोन्क्विन पार्कात या पेल्यांमध्ये सॅलमँडरची (पालीसारखा दिसणारा, बेडकासारखा उभयचर प्राणी) इवलीशी पिल्लं सापडली, हे मात्र खरं, २०१९ मध्ये ते प्रसिद्धही झालं. बरं, तेवढं मान्य. उंदराची गोष्ट तरीही थापच.

खिमा घातलात तर पेला सडेल आणि घरभर वास सुटेल. दलदलीच्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतो म्हणून झाड किडे पकडतं, भूक लागली म्हणून नाही.

राहिली थंडी. याला हिवाळ्यात तीन-चार महिने गारठ्यातली झोप लागते. ठाण्यात ती कुठून आणणार? काही हौशी लोक रोप तेवढे महिने फ्रीजमध्ये ठेवतात म्हणे. मामा त्याला तयार होतील असं वाटत नाही.