ग्रीनस्टेडचे चर्च आणि 845 हे साल

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या ग्रीनस्टेड गावच्या सेंट ॲन्ड्र्यू चर्चविषयी एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. हे जगातील सर्वांत जुने लाकडी चर्च इ.स. 845 मध्ये बांधले गेले, ते आजही जसेच्या तसे उभे आहे आणि 1013 मध्ये नवव्या शतकातील हुतात्मा राजे संत एडमंड यांचा देह याच भिंतींआड एक रात्र विसावला, असे त्यात म्हटलेले असते.

प्रथम सालाविषयी. 845 हा आकडा कोणी मनाने रचलेला नाही. 1960 च्या सुमारास ओकच्या ओंडक्यांतील, दरवर्षी एक याप्रमाणे पडणारी वाढीची वर्तुळे मोजून तो काढला गेला, परंतु ती पद्धत तेव्हा बाल्यावस्थेत होती. 1990 च्या दशकात फेरमोजणी झाली, तेव्हा शिल्लक राहिलेले शेवटचे वर्तुळ 1053 चे निघाले. ओंडके तासताना सालीलगतचे कच्चे लाकूड काढून टाकलेले असल्यामुळे त्या हरवलेल्या वर्तुळांची किमान दहा वर्षे त्यात मिळवावी लागतात. म्हणजेच ही झाडे 1063 पूर्वी तोडलेली असण्याचा संभव नाही.

यामुळे चर्चचा मान कमी होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी लक्षात घ्यावे की नॉर्वेतील उर्नेसचे प्रसिद्ध लाकडी चर्चही 1130 च्या सुमाराचे, म्हणजे याच्यानंतरचे आहे. सर्वांत जुने लाकडी चर्च हा लौकिक 845 या सालाशिवायही टिकतो.

‘जसेच्या तसे’ हे मात्र साफ चूक आहे. जुन्या आहेत त्या केवळ मुख्य दालनाच्या भिंती. त्या जवळून पाहाव्यात अशाच आहेत: ओंडके मधोमध चिरून सपाट बाजू आत आणि गोल बाजू बाहेर ठेवली आहे, आणि वारापाऊस आत शिरू नये म्हणून दोन ओंडक्यांच्या कडांना खाचा पाडून त्यांत लाकडी पट्टी बसवली आहे. वेदीकडचा विटांचा भाग 1500 च्या सुमाराचा आहे. 1840 च्या दशकातील दुरुस्तीत तर ओंडक्यांची कुजलेली खालची टोके कापून ते विटांच्या जोत्यावर उभे करण्यात आले.

राहिला संत एडमंड यांचा देह. लंडनहून बरी सेंट एडमंड्स या गावी परत नेताना तो इथे थांबला, ही परंपरा खरी असू शकते, कारण उत्खननात या जागी आधीच्या लाकडी बांधकामांच्या खुणा सापडल्या आहेत. पण आजच्या भिंतींचे ओक 1013 मध्ये अजून रानातच उभे होते.