ब्लोअर आहे की!

आमचं घर खाली आगरात आणि रस्ता वर सड्यावर. मधे पाऊण किलोमीटरची घाटी. पावसला जायचं असो की रत्नागिरीला, आमच्या प्रत्येक प्रवासाची सुरुवात चढानेच होते आणि आमच्या गाडीला तो चढ मान्य नाही. गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली मारुती ८००, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवाली. इंजीन ७९६ सीसी, सिलिंडर तीन, ताकद चाळीस घोड्यांच्या आत. त्यातले किती घोडे आज हयात आहेत याची शिरगणती झालेली नाही.

चढाचा विधी ठरलेला आहे. घाटीच्या तोंडाशी मी पहिला गिअर टाकतो, सौ. एसीचं बटण बंद करते, आई डोळे मिटते. तरीही फणसाच्या वळणावर गाडी दम टाकतेच. मग माणसं उतरतात. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या तरी माणसंच उतरतात, कारण पेट्यांना भाव असतो. गेल्या वर्षी मुंबईचे साडू उतरले. चढ चालून वर आले, घाम पुसला आणि म्हणाले, ‘‘गाडी छान आहे हो तुमची. फक्त रिकामी चालवायची.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवी गाडी घेणं हा सरळ उपाय होता. पण पुण्याला मेकॅनिकल शिकणारा भाचा नेमका सुट्टीला आलेला. तो म्हणाला, ‘‘मामा, सुपरचार्जर लाव.’’ आणि त्याने मला जे समजावलं ते मी अजून विसरलेलो नाही, कारण विसरलो असतो तर बरेच पैसे वाचले असते. इंजिनाचं घोडं पेट्रोलवर नाही, हवेवर अडतं. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने पावणेपंधरा भाग हवा लागते. नुसतं पेट्रोल जास्त ओतलं तर काळा धूर निघतो, ताकद निघत नाही. तेव्हा हवाच दाबून भरायची. ते काम सुपरचार्जरचं. त्यालाच ब्लोअरही म्हणतात.

घरात मी एवढंच सांगितलं, ‘‘गाडीला ब्लोअर बसवतोय.’’

‘‘ब्लोअर आहे की,’’ सौ. म्हणाली. ‘‘एकवर ठेवला तरी केवढा आवाज करतो. तो आधी दुरुस्त करा.’’

भाच्याने मुंबईच्या भंगारबाजारातून वस्तू पैदा केली. जपानात ६६० सीसीच्या चिमुकल्या गाड्यांची एक वेगळीच जात आहे. त्यातल्या काहींना सुबारूने कारखान्यातच सुपरचार्जर दिले होते. त्या कुळातला हा एक, नारळाएवढा. आत आठच्या आकड्यासारखे दोन रोटर. दोघे एकाच घरात, एकाच कामाला जुंपलेले, सतत एकमेकांकडे तोंड करून फिरणारे, पण एकमेकांना कधी न शिवणारे. सख्ख्या जावाच. ही युक्ती अमेरिकेतल्या रूट्स बंधूंची, १८६० ची. मोटारगाडी जन्मायच्याही आधीची. तेव्हा ती भट्ट्यांत हवा फुंकायला वापरत. म्हणजे मूळ धंदा आग लावण्याचाच.

आमच्या मेस्त्रींचं आयुष्य मिरकरवाड्याच्या बोटींच्या इंजिनांत गेलेलं. त्यांनी तो नारळ हातात घेऊन कानाजवळ हलवला.

‘‘टर्बो काय?’’

‘‘नाही, सुपरचार्जर. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. हा पट्ट्यावर, थेट क्रँकवरून.’’

‘‘म्हंजे इंजिनाचीच ताकद खानार आनि इंजिनालाच देनार?’’

‘‘हो, पण घेतो त्यापेक्षा जास्त देतो.’’

‘‘आमच्या पतपेढीतबी असंच सांगितलं व्हतं,’’ मेस्त्री म्हणाले आणि बिडी पेटवली. ‘‘हाय त्या हवेत काय वाईट हाय? महाबळेश्वराला ऱ्हायलाव असता तर गोष्ट येगळी. हितं दर्याकाठी हवा फुकट आनि दाट.’’

बरोबर होतं त्यांचं. पण ते मानलं असतं तर साडूही बरोबर ठरले असते, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

भाच्याने भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पाठीवर हिशेब मांडला. आमचं इंजीन दोन फेऱ्यांत ७९६ सीसी हवा पितं, म्हणजे एका फेऱ्याला ३९८. सुपरचार्जर एका फेऱ्यात ३०० देतो. त्याची पुली लहान करून त्याला इंजिनाच्या १.८ पट फिरवला की ५४० होतात. म्हणजे जवळजवळ छत्तीस टक्के जास्त. मेस्त्रींना हे काही पटेना. मग मी त्यांना गणपतीचं सांगितलं. आमचं घर आठ माणसांचं. चतुर्थीला चाकरमानी येतात आणि अकरा होतात. भिंती तेवढ्याच, संडास एकच. हाच बूस्ट. आत दाब वाढतो, दाबाबरोबर उष्मा वाढतो आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कोणीतरी सहज म्हणतं, ‘‘सातबारावर नावं लावायचं काय झालं?’’ ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच भलत्या कोपऱ्यात स्फोट. याला इंजिनात नॉकिंग म्हणतात. मोठ्या गाड्यांत तापलेली हवा निववायला इंटरकूलर असतो, जसं घरात भांडणाऱ्याला पडवीत नेऊन बसवतात. आमच्या जुळणीत कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी येत होता. पुढे इंटरकूलर लावला तर पेट्रोल तिथेच साचायचं. म्हणजे पडवी नाही. माणसं सगळी माजघरातच.

‘‘आता समजलं,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘म्हंजे भांडान हुनारच.’’

मिरजोळे एमआयडीसीत लेथवाल्याकडे पुली झाली, अॅल्युमिनियमच्या पाटाची फ्लँज झाली. प्रश्न उरला जागेचा. ८०० च्या बॉनेटखाली पट्ट्याच्या रांगेत जागा एकच, आणि तिथे एसीचा कॉम्प्रेसर बसलेला. तो काढावा लागला. ज्या चढावर एसी बंद करावा लागू नये म्हणून हा खटाटोप, त्यासाठी पहिला बळी एसीचा. मी कॉम्प्रेसर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. सौ.ला सांगितलं, ‘‘एसीचा गॅस संपलाय. भरून आणू.’’ हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक नवऱ्याने कधी ना कधी म्हटलेलं असल्यामुळे तिला काही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी पट्टा घसरला. त्याची किंकाळी ऐकून तीन घरांतली कुत्री आणि आमच्या बागेतले नेपाळी राखणदार धावून आले. दुसऱ्या दिवशी पट्टा ताणला. गाडी शिट्टी घालत फणसाचं वळण चढली, माणसांसकट! मी आनंदाने ओरडलो. तेवढ्यात बॉनेटमधून कोणीतरी दार ठोठावल्यासारखा टकटक आवाज आला, मग पांढरी वाफ. मेस्त्रींनी डिपस्टिक काढून माझ्यापुढे धरली. ऑइलचा दुधाचा चहा झाला होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांमधली पट्टी, गेलं आणि पाणी ऑइलात शिरलं.

‘‘सातबारा निघाला,’’ मेस्त्री म्हणाले.

बाहेरून दाबून आणलेली हवा पिस्टन आत पुन्हा आठ-नऊ पट दाबतो, हे आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं. कॉम्प्रेशन कमी करायला हवं होतं. मग हेड आंबा घाटाने कोल्हापूरला. तिथल्या उद्यमनगरात ज्याला इंजीन उघडता येत नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही. हेड सपाट करून आलं, खाली जाड तांब्याचं गॅस्केट बसलं, ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं, पेट्रोलचा जेट मोठा केला. या सगळ्यात किती गेले ते मी एका वहीत लिहून ठेवलं आहे. वही कॉम्प्रेसरशेजारी आहे.

काम पुरं झालं. इंजीन मऊ शिट्टी घालत उभं होतं. तेव्हा भाचा मोबाइलवरून म्हणाला, ‘‘मामा, मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या गोष्टींत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही.’’ इंजिनिअरिंगची मुलं कायदा काय आणि मॅन्युअल काय, शेवटीच वाचतात.

पण घाटी आमच्या सातबाऱ्यातली आहे. त्यामुळे सध्या गाडी घरातून निघते, सगळा चढ चढते आणि वर सड्यावर आमच्याच कलमाखाली उभी राहते. तिथून पुढे आम्ही एसटीने जातो.

परवा साडू आले होते. त्यांना पुढे बसवलं असतं, पण पुढची जागा सौ.ची. मागे साडू, आई आणि चार पेट्या. कोणाला उतरू दिलं नाही. पहिला गिअर टाकला, शिट्टी वाजली, आणि गाडी फणसाचं वळण अशी चढली की साडूंचं डोकं मागच्या काचेला लागलं. मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. ते काहीतरी बोलणार होते.

सौ.ने त्याआधीच एसीच्या बटणावरचं बोट काढलं आणि मागे वळून त्यांना सांगितलं, ‘‘बघितलंत? एसी वेळेवर बंद केला की कशी चढते!’’